नाव ओळखीचे, पत्ता परका



वर्गणीला कोणी आले की आपण पावतीपुस्तक बघतो. ईमेलची मात्र तशी विचारपूस करत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी ‘बँकेचा’ ईमेल आला: आजच केवायसी करा, नाहीतर खाते बंद. आम्ही लिंक दाबली, ओटीपी दिला, पेन्शन गेली. लाजेपोटी दोन दिवस कोणालाच सांगितले नाही. तीच मोठी चूक झाली.

नाव कोणाचेही लावता येते. त्यामागचा पत्ता वाचा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांच्या संकेतस्थळांचा शेवट आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा असतो. कोणी घाई केली, तर लिंक न दाबता पासबुकावरच्या क्रमांकावर स्वतः विचारा. तरीही फसलोच, तर ताबडतोब १९३० लावा आणि घरात सांगा. लाज चोराला वाटावी, आपल्याला नव्हे.

गणपती बाप्पा मोरया!