व्यवसायाची निवड आणि जीवनातील समाधान



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘आता पुढे काय?’ प्रश्न मुलाला विचारलेला असतो. उत्तर मात्र बहुधा वडील, काका किंवा मामाच देऊन टाकतात. कोणी सी. ए. सुचवतो, कोणी अभियांत्रिकी, तर कोणी ‘दुकान आहेच की’ म्हणून विषय मिटवतो. शुल्क, नोकरीची शाश्वती, पगाराचा आकडा, सोयरीक जुळवताना होणारा उपयोग या साऱ्यांचा हिशेब होतो. जो मुलगा पुढील पस्तीस-चाळीस वर्षे रोज सकाळी उठून ते काम करणार आहे, त्याचे मन त्यात रमेल का, एवढा एक हिशेब राहून जातो. मन रमले नाही तर घरातील सुबत्ता, सणवार आणि तीर्थयात्रा यांनीही ती उणीव भरून निघत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणसंस्थेविषयी समाजात पुष्कळ बोलले जाते. तिच्या आधीच्या त्यांच्या नोकऱ्यांविषयी फारसे बोलले जात नाही. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. भाऊरावांचे शालेय शिक्षण कोल्हापुरात इंग्रजी सहावीच्या आसपासच थांबले. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणू लागले. मग विम्याचे काम आले, ओगले यांच्या काचसामानाची विक्री आली, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री आली. आजच्या एखाद्या पालकासमोर हा जीवनक्रम नाव झाकून ठेवला, तर ‘मुलगा कुठे टिकत नाही’ असाच शेरा मिळेल!

परंतु नांगर विकायचा म्हणजे गावोगाव हिंडणे आले, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसणे आले. त्या हिंडण्यातच खेड्यांचे दारिद्र्य आणि निरक्षरता त्यांना जवळून दिसली. विक्रेत्याला लागणारे कसब, म्हणजे अनोळखी माणसाशी त्याच्या भाषेत बोलणे आणि नकार मिळाला तरी पुन्हा त्याच दारी जाणे, पुढे वर्गणी आणि धान्य गोळा करताना त्यांच्या उपयोगी पडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. स्थापनेच्या वेळी भाऊरावांचे वय बत्तीस वर्षांचे होते. सतरा-अठराव्या वर्षी चुकलेली वाट म्हणजे आयुष्यच चुकले, अशा भीतीने जी घरे ग्रासलेली असतात, त्यांनी हे वय ध्यानात ठेवावे.

साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांच्या जेवणासाठी पैसा अपुरा पडे. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने एकेक करून दिले, आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. भाऊरावांच्या निवडीचे कौतुक करणाऱ्या भाषणांत लक्ष्मीबाईंचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो, हे उचित नव्हे. घरातील एकाने समाधानाची वाट धरली की तिचे मोल सारे घर मोजते. म्हणूनच असा निर्णय घेताना पत्नीची, आईवडिलांची केवळ मूक संमती गृहीत धरणे हा अन्यायच ठरतो. तसेच ज्या घरावर कर्ज आहे, आजारपण आहे, तेथील मुलाने आधी पगाराची नोकरी धरली तर त्यात कमीपणा काहीच नाही. ‘मनाचा कौल घ्या’ हा उपदेश पोट भरलेल्या माणसाला सोपा असतो.

याच्या उलट वाटही समाजापुढे आहे. जळगाव जिल्ह्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांच्यापुढे सरकारी अधिकारीपदाचा मार्ग खुला होता. तो सोडून १९६३ साली त्यांनी कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या शिलकीवर रॉकेलविक्रीचा धंदा सुरू केला. पुढे शेतीची अवजारे, पाइप आणि ठिबक सिंचन असा तो विस्तारत गेला. एकाने विक्री सोडून शिक्षण धरले, दुसऱ्याने अधिकारपद सोडून व्यापार धरला. तेव्हा अमुक क्षेत्र सुखाचे आणि तमुक दुःखाचे अशी यादी करता येत नाही.

अमेरिकेतील अभ्यासक ॲमी रेझ्नेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच निराळ्या रीतीने दिसले. काही जण कामाकडे केवळ उपजीविका म्हणून पाहतात, काही बढतीची शिडी म्हणून, तर काही जीवनकार्य म्हणून. एकाच प्रकारचे कार्यालयीन काम करणाऱ्या चोवीस जणांतही हे तिन्ही गट जवळपास सारखे निघाले! काम जीवनकार्य मानणाऱ्यांचे आयुष्याविषयीचे समाधान इतरांहून अधिक होते. वडिलांची पेढी सांभाळणारा मुलगाही त्या तिसऱ्या गटात असू शकतो. मात्र गादीवर बसण्यापूर्वी त्याला कोणीतरी विचारलेले असावे.

श्रावकाचारात व्यवसायाविषयी आणखी एक कसोटी आहे, जिचा प्रवेशअर्जांच्या गडबडीत विसर पडतो. कोळसा पाडणे, जंगलतोड, हस्तिदंताचा आणि विषाचा व्यापार यांसह पंधरा कर्मादाने श्रावकाला वर्ज्य सांगितली आहेत. यादी जुनी असली तरी तिच्यामागचा प्रश्न जुना झालेला नाही : या मिळकतीसाठी कोणाला इजा होते? सायंकाळी प्रतिक्रमणाला बसल्यावर दिवसभराचा धंदा आठवून मन आक्रसत असेल, तर मोठा पगारही त्या घटकेला उपयोगी पडत नाही.

पालकांनी एक सोपी गोष्ट करून पाहावी. प्रवेश घेण्यापूर्वी सुटीतील महिनाभर मुलाला एखाद्या सी. ए.च्या कार्यालयात, रुग्णालयात, कारखान्यात किंवा स्वतःच्याच दुकानात बसू द्यावे. तेथील कंटाळवाणे कामही त्याला पाहू द्यावे, कारण प्रत्येक व्यवसायात मोठा भाग तोच असतो. त्यानंतर त्याचे म्हणणे ऐकावे, आणि ऐकताना मध्ये बोलू नये.

मुलींच्या बाबतीत तर पेढीचा प्रश्न अनेक घरांत अद्याप विचारलाच गेलेला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी घरचा परंपरागत व्यवहार मागे ठेवून रेल्वेची कंत्राटे घेतली आणि १९१९ साली नरोत्तम मोरारजी यांच्यासह सिंदिया जहाज कंपनी उभी केली. त्या कंपनीचा कारभार पुढे नरोत्तम यांच्या सूनबाई सुमती मोरारजी यांनी पाहिला, आणि १९५६ साली भारतीय जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना अध्यक्षस्थानी बसवले.