आंव कीं आतड्याचा दीर्घ दाह?

शौचावाटें आंव व रक्त पडूं लागलें कीं, घरांतील वडीलधारीं माणसें बेलाचा मुरंबा सुचवितात; कोणी त्यास मूळव्याध म्हणतो. पुष्कळदां तो उपद्रव थोड्याच दिवसांत शमतो. परंतु जेव्हां तो आठवडेच्या आठवडे टिकतो, थांबतो व फिरून उद्भवतो, तेव्हां तो अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे व्रणयुक्त बृहदंत्रदाह असण्याचा संभव असतो.

मोठें आतडें सुमारें पांच फूट लांब असतें. या रोगांत गुदाशयापासून वर वर त्याच्या अंतस्त्वचेस सूज येऊन व्रण पडतात. आंवेचें मूळ जंतूंत असतें. येथें मात्र शरीराची रक्षकशक्तिच आपल्या आतड्यावर उलटते. म्हणूनच हा रोग सांसर्गिक नाहीं. रोग्याचें पान वेगळें मांडण्याचें कांहींच कारण नाहीं.

हा रोग आंवेहून भिन्न आहे, हें लंडनचे डॉ. सॅम्युएल विल्क्स यांनीं १८५९ सालीं ओळखलें. पुढें स्वीडनमधील डॉ. नन्ना स्वार्ट्झ या विदुषीनें मूळ संधिवातासाठीं योजिलेलें सल्फासॅलॅझिन हें औषध या रोगावर गुणकारी असल्याचें १९४२ सालीं प्रसिद्ध केलें. १९५५ सालीं ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह व विट्स या डॉक्टरांनीं कॉर्टिसोनचा उपयोग सप्रमाण दाखविला.

आज निदानासाठीं प्रथम मलपरीक्षा करून जंतु नाहींत ना, हें पाहतात. नंतर दुर्बिणीनें आतडें तपासून त्याचा सूक्ष्म तुकडा परीक्षेस पाठवितात. सौम्य रोगास मेसालामीनच्या गोळ्या व बस्ती पुरतात. जोराच्या उठावणीस स्टेरॉइड देतात; पण तें थोड्या काळापुरतेंच.

खरी कसोटी बरें वाटूं लागल्यावर लागते. रक्त थांबलें कीं औषध नकोसें होतें, खर्चही डोळ्यांत भरतो, आणि रोगी तें परस्पर सोडून देतो. दाह मात्र दबलेला असतो, गेलेला नसतो. संधि मिळतांच तो पूर्वींहून अधिक वेगानें उसळूं शकतो. म्हणून औषध कमी करणें अथवा थांबविणें तें वैद्याच्या सल्ल्यानेंच.

दिवसांतून सहा किंवा अधिक वेळां रक्तमिश्रित शौच, त्यासह ताप, जलद नाडी अथवा पोटफुगी दिसल्यास रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. औषधांनीं न आवरणाऱ्या रोगांत शस्त्रक्रियेनें मोठें आतडें काढून टाकतात, व त्यानंतरही माणूस संसार, नोकरी सर्व कांहीं करूं शकतो. रोग जडून आठ वर्षें झालीं म्हणजे कर्करोगाचा धोका वेळींच ओळखण्यासाठीं दुर्बिणीची तपासणी नियमानें करवावी.

मधुमेहाप्रमाणें हाही बहुधा जन्माचा सोबती होय. त्यास लाजून लपविणारा अधिक सोसतो. ओळखून नियमांत ठेवणारा सुखानें नांदतो.