काफ्काच्या बहिणी आणि मुंबईतली भाची



फ्रान्झ काफ्का हे नाव या सभागृहात बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्याच्या कथांवर मी आज बोलणार नाही. तो १९२४ मध्ये क्षयाने गेला. प्रागमध्ये मागे राहिल्या त्याच्या तीन बहिणी: एली, वाली आणि ओटला. युद्धाने त्यांच्या घराची कशी दाणादाण उडवली आणि त्या घरातले कोण आपल्या मुंबईला येऊन पोचले, ते मला सांगायचे आहे.

मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये एली आणि वाली यांची रवानगी पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत झाली. त्या परतल्या नाहीत. धाकट्या ओटलाचा नवरा ज्यू नव्हता. त्या लग्नामुळे तिला थोडेफार संरक्षण होते. पण घटस्फोट झाला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये तिला तेरेझिनच्या छावणीत नेले. वेरा आणि हेलेना या तिच्या दोन मुली वडिलांमुळे प्रागमध्ये राहू शकल्या.

१९४३ च्या उन्हाळ्यात बियालिस्टॉकहून सुमारे १२०० मुले तेरेझिनला आणली गेली. उपाशी, अंगावर चिंध्या. अंघोळीसाठी त्यांना फवाऱ्यांकडे नेले, तर ती किंचाळू लागली. ‘गॅस, गॅस’ असे ओरडत एकमेकांना बिलगली. छावणीतल्या मोठ्या माणसांना तोवर जे ठाऊक नव्हते, ते त्या पोरांना ठाऊक होते. ऑक्टोबरमध्ये मुलांना तिथून हलवायचे ठरले, तेव्हा सोबत जायला ओटला आपणहून पुढे झाली. गाडी आउश्वित्झला गेली. काफ्काची बहीण म्हणून नव्हे, या एका कृतीसाठी तिचे नाव आपल्या मुलांना सांगावे, असे मला मनापासून वाटते.

एलीची मुलगी गेर्टी मात्र वाचली, कारण तिचा संसार मुंबईत होता. तिचे पती वॉल्टर काउफमन हे कार्ल्सबादचे संगीतकार. बर्लिनमध्ये शिकलेले. प्रागमध्ये त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध तयार होता, पण मार्गदर्शक नाझींचा माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी ती पदवीच नाकारली. १९३४ मध्ये ते मुंबईला आले. चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी त्यांचे मित्र. भवनानींनी पुढे प्रागचे समीक्षक विली हास यांनाही पटकथालेखनाचे काम दिले. काफ्काने आपल्या मैत्रिणीला, मिलेनाला लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध केली, ती याच हास यांनी.

मुंबईत काउफमन यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. पियानो स्वतः काउफमन वाजवत. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. पहाटे केंद्र सुरू होताना तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन उमटते, शिवरंजनीची छाया असलेली ती आकाशवाणीची धून बहुतेक अभ्यासक त्यांचीच मानतात. जॉन फोल्ड्स आणि ठाकूर बलवंतसिंग यांचीही नावे घेतली जातात, हे सांगायला हवे. जळगाव केंद्र लावून दिवस सुरू करणारी किती घरे आपल्या खानदेशात होती! केळीच्या बागेत पाणी धरायला निघालेल्या माणसाने ती धून ऐकली असेल. ती रचणाऱ्याच्या सासूला घेट्टोत नेले होते, हे त्याला कोण सांगणार?

गेर्टी वाचली आणि एली गेली, यात कुणाच्या लायकीचा प्रश्न नव्हता. एकीच्या घरात भारतातली नोकरी होती, एवढाच फरक. हिंदुस्थानात यायचे तर इंग्रज सरकार काम किंवा जामीनदार मागे. मुंबईची ज्यूइश रिलीफ असोसिएशन त्यासाठी धडपडत होती. युद्ध सुरू झाल्यावर तर जर्मन पासपोर्टवर आलेले ज्यूही ‘शत्रू नागरिक’ ठरले आणि आधी अहमदनगरला, मग आपल्या भुसावळ लाइनीवरच्या देवळालीला काटेरी कुंपणात गेले. ज्या राजवटीतून पळून आले, तिच्याच समर्थकांबरोबर त्यांना डांबले गेले!

आपल्या नेत्यांचे काय? डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात जवाहरलाल अध्यक्षपदावरून फॅसिझमच्या संकटाविषयी बोलले. आपल्या खेड्यात, बांबूच्या मंडपात. पुढे ज्यूंना भारतात आश्रय मिळावा असा ठराव त्यांनी कार्यकारिणीपुढे आणला, तो फेटाळला गेला. सुभाषबाबूंनी १९३९ मध्ये त्यांना लिहिलेल्या पत्रातच हे आहे. सुभाषबाबूंना तो ठराव मुळीच पटला नव्हता. व्हिसा देणे आपल्या हाती नव्हते, हे खरे. तरी त्या वेळी एक शब्द द्यायचा होता आणि तो दिला गेला नाही, याचे मला दुःख आहे. आश्रय दिल्याचा अभिमान आपण बाळगतो, तेव्हा हेही आठवले पाहिजे.

युद्धानंतर काउफमन कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. १९८४ मध्ये ते वारले. आपले संगीत प्रथम ऐकले, तेव्हा त्यांना काहीच उमगले नव्हते. पण इतक्या लोकांना जे भावते, त्यात काहीतरी असणारच, असे मानून ते शिकत राहिले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाड ग्रंथ १९६८ मध्ये निघाला. धुळ्या-जळगावच्या संगीत विद्यालयांनी तो मागवावा, विद्यार्थ्यांना तो चाळू द्यावा आणि तो लिहिणारा माणूस कोण होता, हेही त्यांना सांगावे.