मणक्याचे दुखणे आणि शस्त्रवैद्याचा सल्ला
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आटोपला आहे आणि भोजनाची वेळ जवळ येत आहे. अशा आनंदाच्या प्रसंगी दुखण्याखुपण्याचा विषय काढणे थोडे विसंगत वाटेल. परंतु चिटणीसांनी हाच विषय आग्रहाने सुचविला, आणि त्याला तसे कारणही आहे. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे मणक्याच्या विकारासाठी अर्ज येत असतात. अर्ज पैशासाठी असला तरी अर्जदार कुटुंबाचा खरा प्रश्न निराळाच असतो. "शस्त्रवैद्याकडे जावे की न जावे?" हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यात कित्येक घरांचे महिनेच्या महिने जातात. कधी दागिने गहाण पडतात, तर कधी वेळच निघून जाते. या प्रश्नाचा विचार शांतपणे कसा करावा, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम कण्याची रचना थोडक्यात पाहू. माणसाच्या कण्यात ३३ अस्थी असतात. त्यांपैकी मानेचे ७, छातीमागील १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके सुटे असतात. खालचे एकमेकांस जुळून गेलेले असतात. सुट्या मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिची कड चिवट तंतूंची आणि गाभा मऊ असतो. करंजीची कड उकलून सारण बाहेर यावे, तसा हा गाभा कधीकधी कड फाडून बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूला टेकतो. या मज्जातंतूलाच आपण बोलीत 'शीर' किंवा 'नस' म्हणतो. "मणक्यात गॅप पडली" हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार रूढ झाला आहे. वस्तुतः झिजलेल्या गादीमुळे दोन मणक्यांतील अंतर वाढत नाही, कमी होते. 'गॅप' या शब्दाने पुष्कळ माणसे विनाकारण भ्यायलेली मी पाहिली आहेत.

दबलेल्या शिरेची वेदना ओळखता येते. कमरेतील शीर दबली तर कळ नितंबातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत व पुढे पावलापर्यंत उतरते. खोकताना, शिंकताना ती विजेसारखी चमकते. मानेतील शीर दबली तर ती खांद्यातून हाताच्या बोटांपर्यंत जाते. आयुर्वेदाने कमरेच्या या व्याधीला 'गृध्रसी' असे नाव दिले आहे, म्हणजे दुखणे पुरातन आहे. त्याचे एक प्रमुख कारण मात्र पुष्कळ उशिरा सर्वमान्य झाले. बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शस्त्रवैद्यांनी १९३४ साली निबंध प्रसिद्ध करून फुटलेल्या गादीचा आणि पायातील कळेचा संबंध दाखवून दिला, आणि तेथून या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. आपल्या देशात मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ साली वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी उभा केला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपल्या घरांतून दोन समजुती खोल रुजलेल्या आहेत. शस्त्रवैद्याचा उंबरा ओलांडला की शस्त्रक्रिया ठरलीच, ही पहिली. मणक्याला सुरी लागली की माणूस जन्माचा अंथरुणाला खिळला, ही दुसरी. या भीतीपोटी कोणी बिब्बा घालतो, कोणी डाग घेतो, तर कोणी पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेतो. साध्या उसणीचे दुखणे चार दिवसांत आपोआपच जाते, त्याचे श्रेय लाथेला मिळते. पण जेथे गादी फुटून शीर दबलेली आहे, किंवा हाड आतून पोखरले गेले आहे, तेथे असा आघात घातक ठरू शकतो. म्हणून तो प्रकार कटाक्षाने टाळावा.

दुसऱ्या समजुतीविषयी एकच गोष्ट सांगतो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सामान्यतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली सुटे मज्जातंतू घोड्याच्या शेपटीसारखे लोंबत असतात. गादीचा विकार बहुधा कमरेच्या खालच्या दोन जागी होतो, आणि तेथे मज्जारज्जू नसतोच. त्यामुळे त्या जागेच्या शस्त्रक्रियेत दोन्ही पाय लुळे पडण्याचा संभव अगदी थोडा असतो. तो मुळीच नसतो असे कोणी प्रामाणिक वैद्य म्हणणार नाही. परंतु घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या भयकथांच्या मानाने तो फारच अल्प आहे.

पहिल्या समजुतीला उत्तर म्हणून एका कुटुंबाची हकीकत सांगतो. घरातील तिशीच्या आतील शिक्षिकेचा डावा पाय असह्य दुखू लागला. तिसऱ्याच आठवड्यात एमआरआय झाला, "गादी सरकली" असा अहवाल आला आणि सासूबाईंनी पाटल्या काढून ठेवल्या. शस्त्रवैद्यांनी पायाची ताकद तपासली, ती शाबूत होती. त्यांनी सांगितले, "सहा आठवडे थांबू. औषध घ्या, झेपेल तेवढे चाला, ताकद कमी झाली तर त्याच दिवशी या." दहाव्या आठवड्यात त्या पुन्हा वर्गावर उभ्या राहिल्या. शस्त्रक्रिया नको हे सांगण्याचा अधिकारही शस्त्रवैद्याचाच असतो, आणि त्याने ते सांगितले म्हणजे घर निर्धास्त होते.

थांबण्याच्या या सल्ल्याला आधार आहे. बाहेर आलेला गाभा पुष्कळांत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. नॉर्वेतील वेबर यांनी १९८३ साली १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण स्पष्टपणे अधिक बरे होते. चार वर्षांनंतर हा फरक निर्णायक राहिला नाही. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांची शस्त्रक्रिया लवकर केली, तर बाकीच्यांना थांबविले. वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना पुष्कळ आधी गेली, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. ताकद शाबूत असेल तर शस्त्रक्रियेने मुख्यतः वेळ वाचतो, असा याचा अर्थ. हातावर पोट असलेल्या माणसाला तो वेळ मोलाचा असू शकतो आणि निवृत्त माणसाला तितका नसू शकतो. म्हणून एकाच आजारात दोघांचे निर्णय निराळे असले तरी दोन्ही योग्य असू शकतात.

आता प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे असे सांगतो. काही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तेवढा भाग बधिर होणे, दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने जाणे, ही ती लक्षणे होत. येथे रात्र असो वा सण असो, शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय त्याच दिवशी गाठावे. ही गोष्ट सांगण्यास स्त्रिया लाजतात, वडीलधारी माणसे संकोचतात. म्हणून घरातील तरुणांनी ती स्पष्ट शब्दांत विचारावी.

काही लक्षणांत दिवस मोजावे, महिने मोजू नयेत. पायाचे पाऊल किंवा अंगठा वर उचलता न येणे हे त्यांपैकी मुख्य. चालताना पायातील चप्पल निसटते आणि माणसाला ते कळतही नाही. आपल्या परिचयातील एका घरी पन्नाशीच्या गृहस्थांना असेच झाले. कळ थोडी कमी झाली होती म्हणून सर्वांना वाटले, गुण येत आहे. पट्टा बांधून आणि तेल चोळून तीन महिने गेले. पुढे शस्त्रक्रिया नीट पार पडली, उरलेली कळ गेली. परंतु पाऊल पूर्वीसारखे उचलले गेले नाही. दबलेल्या शिरेची वेदना कमी होणे आणि शीर मोकळी होणे या दोन गोष्टी नेहमी एक नसतात, हे त्या घराला फार महागात कळले. मानेच्या मणक्यात मज्जारज्जूच दबत असेल तर वेदना फारशी नसतेही. सदऱ्याची गुंडी लागत नाही, अक्षर बिघडते, चालताना तोल जातो. वृद्धापकाळ म्हणून हे सोडून देऊ नये. तेथे शस्त्रक्रियेचा पहिला हेतू पुढील हानी थांबविणे हा असतो, आणि म्हणून वेळेला महत्त्व असते.

तिसरा वर्ग वृद्धांचा. कण्यातील मार्ग अरुंद झाला की थोडे चालताच पाय भरून येतात, देवळाच्या वाटेवर दोनदा बसावे लागते, आणि पुढे वाकले की बरे वाटते. येथे घाई नसते. चालणे किती कमी झाले आणि माणसाला किती चालावयाचे आहे, यावर निर्णय करावा. तत्पूर्वी पायाच्या रक्तवाहिन्यांचीही तपासणी करून घ्यावी, कारण विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत असेच दुखणे तेथूनही उद्भवते. ते दुखणे बहुधा नुसते उभे राहिल्यानेही थांबते.

प्रत्येक वेदना शस्त्रवैद्याकडे नेण्याचीही गरज नाही. दोन्ही तळपाय जळजळत असतील तर मधुमेहाची आणि शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आधी करावी. छातीभोवती एका बाजूस पट्ट्यासारखी आग होत असेल तर नागीण असू शकते. बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. तो आपल्या देशात आजही आढळतो आणि बहुतांशी औषधांनीच बरा होतो. मात्र निदान वेळेवर व्हावे लागते. पूर्वी कर्करोग झालेल्याने नव्या पाठदुखीची ताबडतोब तपासणी करावी. आणि पायात कळ न जाता केवळ कंबर दुखत असेल, तर बहुधा व्यायाम, वजनाचा तोल आणि धीर हेच उपचार. अशा दुखण्यात शस्त्रक्रियेचे फळ तितके खात्रीचे नसते.

एमआरआयच्या अहवालासंबंधी सावधपणे बोलले पाहिजे. १९९४ साली अमेरिकेत कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांची अशी चित्रे काढली. त्यांपैकी ५२ टक्के जणांच्या निदान एका गादीला फुगवटा होता, आणि सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. म्हणजे चित्रातील दोष हाच वेदनेचे कारण आहे असे आपोआप सिद्ध होत नाही. ज्या बाजूची, ज्या शिरेची कळ आहे तिच्याशी चित्र जुळले पाहिजे, आणि ते जुळविणे हे रुग्णाला हाताने तपासणाऱ्या वैद्याचे काम आहे. नुसता अहवाल फोनवरून नातेवाइकांत फिरवून निर्णय होत नसतो.

शस्त्रवैद्याकडे जाताना प्रश्न लिहून न्यावेत. माझी नेमकी कोणती शीर दबली आहे? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, आणि किती दिवस थांबणे सुरक्षित आहे? आपण केवळ गाभा काढणार की मणके स्क्रूने जोडणार, आणि जोडणार असल्यास का? जंतुसंसर्ग, मज्जातंतूची इजा, पुन्हा त्रास होणे यांचा संभव किती? गादीचा तुकडा काढल्यानंतर शंभरांतील पाच ते दहा जणांत तीच गादी पुन्हा बाहेर येऊ शकते, हे आधीच माहीत असलेले बरे. शस्त्रक्रियेनंतर कळ लवकर जाते, बधिरपणा सावकाश जातो, ताकद येण्यास महिने लागतात. तातडीचे लक्षण नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. चांगला वैद्य त्याने रुष्ट होत नाही. मणके जोडावयाचे असल्यास धूम्रपान आधी सोडावे, कारण त्याने हाड जुळण्यास अडथळा येतो.

खर्चाविषयी दोन शब्द. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तेथील समाजसेवा अधिकाऱ्यास भेटावे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते की नाही, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतो. दागिना सावकाराकडे जाण्यापूर्वी या दोन दारांवर थाप मारलेली बरी. मंडळाचा निधी त्यानंतरच्या उणिवेसाठी आहे.

शेवटी भगिनींसाठी आणि त्यांच्या घरच्या पुरुषांसाठी एक विनंती. आपल्या घरांत स्त्रीचे पाठदुखणे हे तिच्या कामाचाच एक भाग मानले जाते. ती पोळ्या लाटताना एका पायावर भार देऊन उभी राहते, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. आज घरी गेल्यावर आई, सासू, पत्नी यांना एवढेच विचारा: "पायात मुंग्या येतात का? चप्पल निसटते का?" उत्तर होकारार्थी आले तर पुढील आठवड्यात त्यांना तपासून घ्या. पुढे शस्त्रक्रिया करावी की नाही हे तेथे ठरेल. परंतु ते ठरविण्याची संधी त्यांना वेळेवर मिळाली पाहिजे.