ओंबळे यांचं नाव आणि भिंतीवरचा कोळी

आजचा एपिसोड एका कोळ्यावर आहे. कोळी म्हटलं की ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांनी लगेच स्किप करू नका. कोपऱ्यात जळमटं करणारा तो लांब पायांचा प्राणी हा नव्हे. भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर, कधी लॅपटॉपच्या स्क्रीनवरसुद्धा एक छोटा ठिपका टुणकन उडी मारतो, थांबतो आणि चक्क वळून तुमच्याकडे बघतो. तो हा. जम्पिंग स्पायडर.

सुरुवात मात्र एका माणसापासून करतो. तुकाराम ओंबळे. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण 2008 मध्ये शाळेत असतील, काही तर बालवाडीत. 26 नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ मुंबई पोलिसांच्या या सहायक उपनिरीक्षकांनी हातात फक्त लाठी असताना अजमल कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळे साहेबांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आता 2021 मध्ये या. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप या संशोधकांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. हो, उडी मारणारा कोळीच. काही मिलिमीटरचा.

कुणाच्याही मनात येईल, की एवढा मोठा माणूस आणि नाव दिलं कशाला, तर कोळ्याला? रस्त्याला द्या, चौकाला द्या, पुतळा उभारा. मला हा प्रश्न रास्त वाटतो. म्हणून हा कोळी नेमका काय चीज आहे ते आधी बघू, मग तुम्हीच ठरवा.

कोळ्यांमधलं हे सगळ्यात मोठं कुटुंब. जगात सहा हजारांहून जास्त प्रजाती. शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. मांजरासारखं दबा धरून जवळ जातात आणि झेप घेतात. झेप घेण्याआधी रेशमाचा एक धागा मागे चिकटवतात. चुकलंच तर लटकायला दोर तयार! पायातली ताकदही मजेशीर आहे. शरीरातल्या द्रवाचा दाब पायात सोडून पाय झटक्यात सरळ होतात. जेसीबीचं हायड्रॉलिक आठवा.

पण खरी गंमत डोळ्यांत आहे. डोळे आठ. बाजूचे डोळे हालचाल टिपतात, आणि काही हललं की कोळी गर्रकन वळून समोरचे दोन मोठे डोळे तिकडे लावतो. ते 'वळून बघणं' म्हणजे हेच. या दोन डोळ्यांना बारीक तपशील दिसतो, पण फार अरुंद भागातला. समोरचं भिंग हलत नाही. मागे एक नळी असते, तिच्या टोकाला पडदा, आणि ती नळीच आतल्या आत फिरते.

मग उडीचं अंतर कसं मोजतो? जपानमधल्या ओसाका सिटी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2012 मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये याचं उत्तर दिलं. त्यांनी घेतलेला कोळी होता हॅसॅरियस अ‍ॅडान्सोनी. हा उष्ण प्रदेशांत जगभर घराघरांत राहतो, भारतातही. म्हणजे कुठल्या दुर्मिळ जंगलातला पाहुणा नाही.

नीट ऐका, मला हा भाग भयंकर आवडतो. या डोळ्याच्या पडद्याला एकामागे एक चार थर आहेत. त्यातले सगळ्यात मागचे दोन हिरवा प्रकाश टिपतात. एका थरावर चित्र स्पष्ट पडतं, दुसऱ्यावर कायम धूसर. वस्तू जितकी जवळ तितकी ती दुसऱ्या थरावर जास्त धूसर. कोळी त्या धूसरपणावरूनच अंतर काढतो.

हे सिद्ध कसं केलं? कोळ्याला हिरव्या उजेडात माशीवर उडी मारायला लावली. बरोब्बर बसली. मग फक्त लाल उजेड ठेवला. भिंगातून लाल प्रकाश हिरव्यापेक्षा जरा मागे एकवटतो, त्यामुळे त्या थरावर चित्र आणखी धूसर झालं. कोळ्याला वाटलं माशी जवळ आहे. उडी आखूड पडली! नुसता दिवा बदलून त्यांनी त्याचं गणित उघडं पाडलं. असं डीबगिंग आम्हाला ऑफिसात जमलं असतं तर काय हवं होतं.

तुमच्या फोनचा पोर्ट्रेट मोड आठवा. फोन आधी अंतर काढतो, मग मागचं धूसर करतो. कोळी उलटं करतो. धूसर आधी, अंतर नंतर. 2019 मध्ये हार्वर्डच्या टीमने याच कल्पनेवर 3 मिलिमीटरच्या सपाट भिंगाचा सेन्सर बनवला. हे भिंग एकाच वेळी दोन चित्रं पाडतं, दोन्हींचा धूसरपणा वेगळा. पुढे प्रत्येक पिक्सेलला सातशेपेक्षा कमी आकडेमोडी लागतात. जे कोड लिहितात त्यांना कळेल हे किती स्वस्त आहे. आणि कोळी हे सगळं खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूत उरकतो.

अजून एक. 2022 मध्ये जर्मनीतल्या डॅनिएला रॉसलर आणि सहकाऱ्यांनी या कुटुंबातल्या एका युरोपीय प्रजातीची पिल्लं रात्रभर कॅमेऱ्याखाली ठेवली. पिल्लांचं अंग पहिले काही दिवस पारदर्शक असतं, त्यामुळे डोळ्यांच्या त्या नळ्या बाहेरून दिसतात. धाग्याला लटकून झोपलेल्या पिल्लांच्या नळ्या रात्री ठरावीक अंतराने हलायला लागत. सोबत पाय आखडत, थरथरत. माणसाला स्वप्नं पडतात त्या झोपेत डोळे असेच हलतात. त्याला स्वप्न म्हणायचं का, यावर संशोधक सावध आहेत. 'तसल्या झोपेसारखी अवस्था' इतकंच ते म्हणतात.

आता परत कल्याणकडे. हे सगळे प्रयोग होऊ शकले, कारण त्या प्रजातींना आधी कुणीतरी नाव दिलं होतं. नाव नसेल तर एका प्रयोगशाळेतला कोळी आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतला कोळी एकच आहे हे सांगणार कसं? आणि नाव देणं म्हणजे बारशासारखं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या तोंडाजवळचे छोटे अवयव तपासायचे, चित्रं काढायची, जुन्या नोंदींशी ताडून बघायचं. एकदा रीतसर दिलेलं नाव सहसा पुसलं जात नाही. चौकाची नावं बदलतात. ते आपल्या शहरात राहणाऱ्याला मी काय सांगू!

ठाणे-कल्याणमध्ये रोज एक टॉवर उभा राहतोय. तिथेच ही प्रजाती 2021 पर्यंत विज्ञानाला माहीत नव्हती. मग मराठवाड्यातल्या आपल्या भिंतींवर काय काय असेल?

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत जळमटं खुशाल काढा, पण हा ठिपका दिसला तर स्प्रे मारायच्या आधी फोनचा मॅक्रो मोड लावा. एकदम जवळ जाऊ नका, हळूहळू सरका. माणसाच्या मागे लागून चावणारा हा प्राणी नाही. थोडं थांबलात तर तो वळेल आणि लेन्सकडेच बघेल. व्हिडिओ चांगला निघाला तर पाठवा, जागा आणि तारीख लिहून. भेटू पुढच्या एपिसोडला.