विक्रेत्याचा जबाब
(सर्जापूर रोड, बेंगळुरू येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात अनुवादकाने केलेले भाषण)



प्रस्तुत ग्रंथाचा अनुवाद करीत असताना एका इंग्रजी शब्दापाशी माझी लेखणी पुन्हा पुन्हा अडखळत असे. तो शब्द म्हणजे ‘लायबिलिटी’. कायद्याच्या भाषेत त्याला ‘दायित्व’ हा प्रतिशब्द रूढ आहे. परंतु आपल्या नित्याच्या ‘जबाबदारी’ या शब्दातील धार त्यात नाही. जबाबदार म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. प्रौढांसाठी असलेली करमणूक विकणाऱ्या व्यापाऱ्याने, ती अल्पवयीन मुलाच्या हाती पडली असता, कोणाला आणि कोणता जबाब द्यावा, हा आजचा माझा विषय आहे.

या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास मुंबईतील एका पुस्तकाच्या दुकानापासून सांगता येईल. डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची प्रत विकल्याबद्दल दुकानाच्या भागीदारांवर खटला झाला. पुस्तकात काय आहे हे विक्रेत्याला ठाऊक होते, असे सिद्ध करण्याची फिर्यादी पक्षाला आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रणजित उदेशी खटल्यात दिला. अज्ञानामुळे शिक्षा सौम्य होऊ शकेल, अपराध मात्र पुसला जाणार नाही. एक प्रत विकणाऱ्या दुकानदारावर कायद्याने एवढा भार टाकला.

पाचच वर्षांनी दुसरी बाजू पुढे आली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या मराठी कथेबद्दल लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला होता. त्यांच्यासह मुद्रक-प्रकाशक व विक्रेता हेही आरोपी होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरविले. किशोरवयीन वाचकाने असे प्रसंग वाचले एवढ्यावरून तो बिघडेलच, असे खात्रीने म्हणता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. या दोन निकालांमधील ताण आजही संपलेला नाही. मुलांचे रक्षण तर व्हावे, परंतु त्यासाठी प्रौढांची कपाटे रिकामी होऊ नयेत.

जेथे दार असते, तेथे हा ताण पुष्कळसा सुटतो. १९५२ च्या चलचित्र कायद्यान्वये ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यास दाखविणे हा दाखविणाऱ्याचा अपराध आहे. दंड तिकीट काढणाऱ्या मुलाला नाही. ज्याने दार उघडले त्याला आहे. अश्लील वस्तू तरुणांना विकण्याविषयी जुन्या दंडसंहितेच्या २९३ व्या कलमात वयोमर्यादा वीस वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९५ व्या कलमात ती अठरा झाली. परंतु अपराध विकणाऱ्याचा, हे तत्त्व तेच राहिले.

करमणुकीची स्थळे हा विषय आपल्या संविधानाने राज्यांकडे सोपविला आहे. म्हणून बेंगळुरूच्या पोलीस आयुक्तांनी २००५ मध्ये सार्वजनिक करमणुकीच्या स्थळांना परवाना आवश्यक करणारा आदेश काढला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. महाराष्ट्राने २००५ मध्ये नृत्यबारांवर बंदी घातली. ती २०१३ मध्ये अंतिमतः रद्द ठरली. पुढे २०१६ चा कायदा आला. त्याखालील एक अट अशी होती की, नृत्यबार शैक्षणिक अथवा धार्मिक संस्थेपासून एक किलोमीटर दूर असावा. मुंबईसारख्या दाट शहरात ही अट पाळणे अशक्य, म्हणजे व्यवहारात पुन्हा बंदीच, हे ओळखून न्यायालयाने २०१९ मध्ये ती अवैध ठरविली. मुलाच्या नावाने घातलेली अट मुलाचेच रक्षण करते की भलताच हेतू साधते, हे तपासावेच लागते.

परंतु आता किलोमीटर मोजायचे कोठून? आपल्या या सर्जापूर रस्त्यावरील उपाहारगृहाला राज्य परवाना देऊ शकते आणि त्याचा परवाना काढूनही घेऊ शकते. मुलाच्या हातातील फोन मात्र दूरसंचाराचा, म्हणजे संघराज्याच्या सूचीतील विषय. तेथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम मध्यस्थाला संरक्षण देते. न्यायालयाचा आदेश अथवा शासनाची अधिसूचना हाती आल्याखेरीज त्याला मजकुराचे ‘ज्ञान’ झाले असे धरता येत नाही, असा २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाचा अर्थ आहे. अभिव्यक्तीच्या दृष्टीने तो निकाल मोलाचा होता. तरीही विसंगती डोळ्यांत भरते: एका प्रतीच्या विक्रेत्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नव्हते, कोट्यवधींना माल पुरविणाऱ्याला ते म्हणता येते.

अमेरिकेत घटकराज्यांनी निराळा मार्ग घेतला. लुइझियानाचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. ज्या संकेतस्थळावरील एकतृतीयांशाहून अधिक सामग्री अल्पवयीनांस हानिकारक आहे, त्याने वय पडताळले नाही तर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. टेक्सासने २०२३ मध्ये दिवसाला दहा हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. वय पडताळताना मिळालेली ओळखीची माहिती साठवून ठेवली तरीही दंड आहे. २७ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तो कायदा उचलून धरला.

या मार्गातील एक गोष्ट मला घेण्याजोगी वाटते. आपला कायदा मुख्यतः तुरुंगाची भाषा बोलतो, त्यामुळे अपराधी सापडेपर्यंत तो थांबतो. भरपाईचा कायदा व्यवसायाच्या हिशेबवहीत जाऊन बसतो. मात्र भीतीही तितकीच खरी आहे. दाराशी वय विचारणारा द्वारपाल चेहरा पाहून विसरून जातो. यंत्र विसरत नाही. मुलाला वाचविण्यासाठी प्रत्येक प्रौढाच्या वाचनाची नोंद होणार असेल, तर ती किंमत फार मोठी आहे. म्हणून वय सिद्ध व्हावे, पण माणूस ओळखला जाऊ नये, अशी पद्धत शोधली पाहिजे. तसेच जो केवळ पत्र पोहोचवितो तो टपालवाला, हे मान्य. परंतु पुढे काय पाहावे हे जो स्वतः निवडून मुलासमोर ठेवतो, त्याला टपालवाल्याचे संरक्षण मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, असे माझे मत आहे.

हे सर्व मी येथे बोलतो आहे, यालाही कारण आहे. या सभागृहातील कित्येकजण दिवसा अशीच यंत्रे घडवितात आणि सायंकाळी घरी जाऊन मुलाच्या हातातील फोन काढून घेतात. आईबापांची जबाबदारी मी नाकारीत नाही. परंतु दार घडविणाऱ्याने त्याला कडी बसविली नाही, तर घरच्यांनी रात्रभर जागे राहावे असे म्हणणे न्यायाचे नाही. कायदा यायचा तेव्हा येईल; कडी बसविण्याचे काम आपल्या हाताशी आहे.