छिंगमिंगचा एक दिवस



चीनला जाऊन आलो असे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो भिंतीचा, आणि दुसरा सीमेचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. 1962 सालचे युद्ध आपण विसरलेलो नाही. 2020 साली गलवानच्या खोऱ्यात आपले 20 जवान धारातीर्थी पडले, हेही विसरण्याजोगे नाही. तथापि आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो आमच्या प्रवासातला एकच दिवस, आणि त्या दिवसात भिंतही नाही व सीमाही नाही.

तो दिवस छिंगमिंगचा होता. एप्रिलच्या 4 किंवा 5 तारखेच्या सुमारास येणारा हा चिनी लोकांचा पितरांचा दिवस. आपल्या पितृपंधरवड्याची आठवण व्हावी असाच. फरक इतकाच की, आपण पितरांना आपल्या घरी जेवायला बोलावतो, आणि ते पितरांच्या घरी जातात. थडगी झाडतात, फुले वाहतात. 2008 पासून त्या दिवशी सरकारी सुटी असते.

सकाळी आम्ही चौघे बीजिंगच्या स्वर्गमंदिरात गेलो. दुभाषी म्हणून एक विद्यार्थिनी बरोबर होती. 1420 साली बांधलेल्या या आवारात मिंग आणि छिंग घराण्यांचे बादशहा चांगल्या पिकासाठी स्वर्गाची करुणा भाकीत. मुख्य मंदिर गोल, निळ्या कौलांच्या तीन छपरांचे. 1889 साली वीज पडून ते जळाले आणि पूर्वीच्याच घाटाने पुन्हा उभारले गेले. आतले खांब 28: मधले 4 ऋतूंचे, त्यांभोवतीचे 12 महिन्यांचे आणि बाहेरचे 12 दिवसरात्रीच्या बारा प्रहरांचे.

बादशहाची स्वारी निघाली की वाटेवरच्या प्रजेने दारे-खिडक्या लावून घ्यावयाची, असा तेव्हाचा दंडक. 1918 साली हे आवार सर्वांना खुले झाले, आणि आज तेथे राज्य आहे ते पेन्शनर मंडळींचे! लांबलचक पडवीत पत्त्यांचे डाव रंगलेले, कोठे आजीबाई गाण्याच्या तालावर नाचताहेत, कोठे पिसांचे फूल पायाने उडवण्याचा खेळ चाललेला. एक आजोबा काठीएवढा लांब कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर सुंदर अक्षरे लिहीत होते. ओळ संपेपर्यंत पहिले अक्षर वाळून जाई. “मग लिहिता कशासाठी?” असे आम्ही विचारवले. आजोबा हसून म्हणाले, “वाळेपर्यंत कुणी ना कुणी वाचतेच.”

दुपारी आम्ही वेगवान गाडीने शिजियाजुआंगला निघालो. अंतर सुमारे 280 किलोमीटर, वेळ सवा तासाच्या आसपास. ज्याच्या त्याच्या हातात गरम पाण्याची बाटली. गाडीत उकळत्या पाण्याचा नळच असतो. थंड पाणी मागणाऱ्याकडे तेथे काळजीने पाहतात!

या शहरात प्रवासी सहसा येत नाहीत. आम्ही आलो ते तेथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत एका सोलापूरकरांचे दर्शन घ्यावे म्हणून. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आपण ऐकलेले आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून 1938 साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. चौघे परत आले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, 1941 साली बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षी को छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. वय अवघे 32. मूल साडेतीन महिन्यांचे.

त्यांच्या समाधीवर त्या दिवशी शेवंतीची फुले होती. एक आजीबाई नातीला घेऊन आल्या होत्या. आम्ही भारतातले, हे कळताच त्यांनी “के दीहुआ” हे डॉक्टरांचे चिनी नाव उच्चारले आणि नातीला त्यांची सारी हकीकत सांगितली. मग आमच्याकडे वळून विचारले, “त्यांच्या गावी त्यांचे काय जपून ठेवले आहे?”

आमच्यातले एक गृहस्थ सोलापूरचेच. ते अभिमानाने म्हणाले, “त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे, 2012 साली.”

“तुम्ही तेथे दर वर्षी फुले वाहता?”

आमचे स्नेही गप्प झाले. परतीच्या गाडीत बऱ्याच वेळाने त्यांनी कबूल केले, की त्या घरावरून ते नित्य जातात. आत मात्र एकदाही गेलेले नाहीत. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हां तिघांनाही नव्हता. 1946 सालचा शांतारामबापूंचा चित्रपट सोडला, तर कोटणिसांविषयी आम्हांला तरी काय ठाऊक होते?

श्रोतेहो, शेजारी राष्ट्राशी कसे वागावे हे ठरवणारे ठरवतील. तेथे सावधपणा हवाच. परंतु परक्यांच्या जखमा बांधता बांधता आपल्यातला एक माणूस मातीत मिसळला, ही गोष्ट त्या आजींना ठाऊक असावी आणि आपल्याला नसावी, हे काही बरे नव्हे. पाण्याने लिहिलेले वाळते. म्हणून तर ते आजोबा रोज सकाळी पुन्हा लिहावयास येतात.

सोलापूरला जाणे झाले, तर त्या घराची पायरी अवश्य चढा. आमचे स्नेही गेल्या 9 डिसेंबरला जाऊन आले. शेवंतीची फुले घेऊन.